यंत्रातला पक्षी आणि सम्यक स्मृती

कपाळाला पट्टा बांधायचा, कानात इअरफोन घालायचे आणि डोळे मिटून बसायचे. मन श्वासावर टिकले की वारा मंदावतो, पक्षी किलबिलू लागतात. मन भटकले की वादळ घोंगावते. कॅनडातील टोरंटोच्या इंटरॅक्सॉन कंपनीने 2014 साली 'म्यूज' नावाचा हा पट्टा बाजारात आणला. कपाळावर व कानामागे टेकणारे सेन्सर मेंदूच्या अतिसूक्ष्म विद्युतलहरी टिपतात आणि मोबाईल त्यांचा आवाज करतो. 2018 च्या 'म्यूज 2'मध्ये हृदयाचे ठोके, श्वास आणि हालचाल मोजण्याचीही सोय झाली. अशी यंत्रे विहारात आणावीत काय, असा प्रश्न आमचे शिकलेले तरुण विचारतात.

आम्ही यंत्राचे वैरी नाही. 'ये आणि पाहा' म्हणणाऱ्या तथागतांचे आम्ही अनुयायी. नवख्या माणसाला आपले मन किती पळते हे कानाने कळले, तर बिघडले कुठे? परंतु दात आवळले, भुवई हलली, तरी त्या लहरींच्या नोंदीत गडबड होते हेही ठाऊक असावे.

खरा मतभेद पुढे आहे. सतिपट्ठान सुत्तात तथागतांनी शिकवले ते असे की, मनात राग असेल तर राग आहे हे जाणावे, मन विखुरलेले असेल तर विखुरलेले आहे हे जाणावे. तेथे वादळ म्हणजे नापास होणे नव्हे. वादळ ओळखले, की स्मृती जागीच आहे! यंत्र मात्र शांततेला बक्षीस देते. साधक मग श्वास सोडून पक्ष्याच्या मागे धावतो. तृष्णा सोडायला बसलेल्या माणसाला नवी तृष्णा लावण्याचाच हा प्रकार झाला.

अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी 1979 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात बौद्ध ध्यानातून तणावमुक्तीचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम उभा केला. दुखण्याने गांजलेल्या रुग्णांना त्याचा आधार मिळाला, हे आम्ही नाकारीत नाही. पण तीच गोष्ट दवाखान्यातून कंपन्यांच्या कचेऱ्यांत गेली आणि शील मागे राहिले. बारा तास राबवायचे आणि वर शांत राहायला शिकवायचे, हे मालकाच्या सोयीचे आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सम्यक स्मृतीचा अर्थ मनाची अखंड जागरूकता, दुष्ट वासनांवरचा पहारा असा लावला. पहारेकरी झोपी जाऊन कसे चालेल?

आणि सेन्सर कोणाच्या अंगावर चढतो, हेही पाहू या. गटारातील हायड्रोजन सल्फाइड हा वायू फार वाढला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. धोका आहे हे उतरलेल्या माणसाला कळतच नाही. तो ओळखणारी यंत्रे केव्हाच बाजारात आली आहेत. 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे गुन्हा ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये गटारातील मृत्यूसाठी दहा लाख रुपयांची भरपाई ठरवली, 2023 मध्ये ती तीस लाख केली. तरीही आमची माणसे दोरीच्या भरवशावर उतरतात आणि प्रेत होऊन वर येतात.

विहारात पट्टा आणायचा त्यांनी जरूर आणावा, महिनाभर वापरावा आणि मग काढून बसावे. आमच्या अभियांत्रिकीच्या मुलांनी मात्र आपल्या वस्तीतील गटारे कोण साफ करतो, यंत्र का येत नाही, आणि ठेकेदाराकडे वायू मोजण्याचे साधन आहे काय, हे या आठवड्यातच पालिकेत जाऊन लेखी विचारावे.