जुनी पंपाची एअर रायफल घेताय? आधी ‘हवा’ तपासा!

अमेरिकेत १९४९मध्ये आलेली ‘शेरिडन ब्लू स्ट्रीक’ हौशी मंडळी आजही जुन्या बाजारात शोधतात. हिच्यात ना स्प्रिंग, ना गॅस; ३ ते ८ वेळा पंप मारून दाबलेली हवाच छर्रा फेकते.

कशी तपासाल?
छर्रा न भरता ३ पंप मारा. तोंड सुरक्षित दिशेला ठेवून तासाभराने ट्रिगर ओढा. बार झाला नाही, तर हवा गळतेय. झिजलेले सील बदलता येते. पण पितळी नळ्यांचा डाख सुटला असेल, तर सौदा सोडा.

काय टाळाल?
८ पेक्षा जास्त पंप नकोत, व्हॉल्व्ह अडकू शकतो. मूळ फिनिश घासू नका, संग्राहकांकडे किंमत घटते. आणि पंप मारलेली बंदूक कधीही ‘रिकामी’ समजू नका.