मोठ्या कुटुंबाची बेगमी : आमरस बाटलीबंद करण्याची रीत

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी घरातील बेगमी पुरी करण्याची चाल कोकणात फार जुनी आहे. धान्याला उन्हे दाखवावयाची, आमसुले वाळवावयाची, आंब्याची साठे व फणसपोळ्या घालावयाच्या, लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधावयाचे आणि लाकूडफाटा पडवीत रचून ठेवावयाचा, ही कामे गृहिणींना कोणी शिकवावी लागत नाहीत. मात्र आमरस हवाबंद बाटलीत भरून टिकविण्याची विद्या यांहून वेगळी आहे. तिच्यात नजरेच्या अंदाजापेक्षा वजनकाटा आणि घड्याळ यांवर अधिक भिस्त ठेवावी लागते.

रस गोठवून ठेवण्याची सोय आता पुष्कळ घरी झाली आहे, मग बाटल्यांचा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. दिनांक ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब कोलमडले आणि रायगड व उत्तर रत्नागिरीतील कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले. हंगामाच्या अखेरीस साठविलेला माल जर विजेच्या तारेवर अवलंबून असेल, तर नेमक्या अडचणीच्या दिवसांत तो हातचा जातो. नीट बंद केलेल्या बाटलीस फक्त अंधारी, कोरडी फळी लागते.

ही रीत निकोला आपेर या फ्रेंच माणसाने शोधली व १८१० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. अन्न बाटलीत भरून, बूच घट्ट बसवून, बाटली उकळत्या पाण्यात ठेवावयाची, एवढेच तिचे सूत्र. ती का साधते हे खुद्द आपेरला ठाऊक नव्हते. सूक्ष्म जंतूंचा उलगडा पाश्चरने पुढे अर्धशतकाने केला. आपणांस मात्र ते कारण ठाऊक असलेच पाहिजे, कारण कोणती वस्तू बाटलीत भरावी व कोणती भरू नये हे त्यावरच ठरते.

मातीत क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाचा जंतू असतो. त्याची बीजे पाण्याच्या उकळीने मरत नाहीत. त्यांस सुमारे १२१ अंश सेल्सिअस उष्णता लागते आणि ती दाबाखालच्या वाफेतच मिळते. हवा नसलेल्या बाटलीत ही बीजे रुजली तर तेथे जे विष तयार होते त्यास पुष्कळदा वासही नसतो व चवही नसते. दृष्टी अंधुक होणे, गिळता न येणे आणि शेवटी श्वास बंद पडणे, असा त्याचा परिणाम होतो. बारा माणसांच्या पंक्तीत अशी एक बाटली फुटली तर काय होईल, हे सांगावयास नको. सुदैवाने आंबट पदार्थांत, म्हणजे ज्यांचा सामू ४.६ हून कमी आहे अशांत, हा जंतू वाढत नाही. म्हणून आंबा, कोकम, अननस, करवंद यांना उकळते पाणी पुरते. मटार, मक्याचे दाणे, घेवडा, कच्चा फणस, इतकेच काय पिकलेले गरेदेखील, या रीतीने कधीही भरू नयेत. घरातील प्रेशर कुकर भात-डाळीसाठी आहे, बाटल्यांसाठी त्याची परीक्षा झालेली नाही. फणसास पोळी व वाळवण हीच वाट बरी.

आंबा जितका अधिक पिकतो तितकी त्याची आंबटाई उतरते. यासाठी दर किलो रसास ५ ग्रॅम सायट्रिक आम्ल घालावे, आणि ते काट्यावर तोलूनच घालावे. साखर घालणे ऐच्छिक आहे. दूध किंवा तूप मिसळलेला रस मात्र बाटलीत भरू नये. दुधाने आम्लता कमी होते.

आता हिशेब. बारा माणसांच्या घरी आठवड्यातून एकदा रस वाढावयाचा तर एका वेळेस सुमारे एक लिटर लागतो. जूनच्या आरंभापासून दिवाळीपर्यंत वीस आठवडे धरले तर २० लिटर रस झाला, व त्यास अंदाजे ४० किलो आंबा हवा. हा रस अर्ध्या लिटरच्या ४० बाटल्यांत भरावा. मोठी बाटली घेण्याचा मोह होतो. पण तिच्या मध्यापर्यंत उष्णता पोहोचण्यास वेळ लागतो, आणि उघडलेला रस त्याच दिवशी संपला पाहिजे. इतके काम एकट्या बाईने अंगावर घेऊ नये. एकीने आंबे धुऊन रस काढावा, दुसरीने बाटल्या उकळाव्या, तिसरीने चूल सांभाळावी. घड्याळ पाहण्याचे काम शाळकरी मुलेही मन लावून करतात.

रस गाळून, ढवळत ढवळत ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवावा व उकळून घेतलेल्या गरम बाटल्यांत गरम असतानाच ओतावा. वर दोन बोटे जागा सोडावी. तोंड स्वच्छ पुसून झाकण लावावे. बाटल्या जुन्या चालतील, झाकणे नवीच हवीत. येथे काटकसर करणे महागात पडते. मोठ्या तपेल्यात तळाशी जाड फडके घालून त्यावर बाटल्या उभ्या कराव्या व झाकणांवर दोन बोटे चढेल इतके गरम पाणी ओतावे. पाणी खळखळू लागल्यापासून पुरा अर्धा तास मोजावा. महाबळेश्वर-पाचगणीसारख्या उंच ठिकाणी पाणी कमी उष्णतेवर उकळते, म्हणून तेथे दहा मिनिटे अधिक द्यावीत. बाटल्या काढल्यावर लाकडी फळीवर किंवा घडीच्या कापडावर ठेवाव्या. थंड फरशीवर टेकविल्यास काच तडकते.

प्रत्यक्ष पाहून शिकावयाचे असल्यास जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे चौकशी करावी. फळप्रक्रियेचे वर्ग तेथे भरतात. घरच्या पंक्तीपुरता माल करण्यास परवाना लागत नाही. विकावयाचा झाल्यास २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी आवश्यक आहे.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक बाटली आडवी करून झिरपते का ते पाहावे. चांगल्या बाटल्यांवर तारीख लिहून त्या फळीवर ठेवाव्या व पंधरा दिवस त्यांवर नजर असू द्यावी. झाकण फुगले, रसात बुडबुडे दिसले किंवा उघडताना फसफसले, तर चाखून पाहू नये. तो रस गुरांना किंवा कोंबड्यांनाही घालू नये. विहिरीपासून दूर खोल खड्ड्यात पुरून टाकावा.