क्रॉलीच्या काठचे पाच हजार खांब

लॉस एंजेलिसमध्ये प्रोजेक्टवर असताना वीकेंड म्हणजे मॉल, नाहीतर लास व्हेगास, हे ठरलेलं. त्या ऑक्टोबरात मात्र रूममेट हटूनच बसला, "या वेळी खांब बघायचे!" कसले खांब? तर क्रॉली लेकचे. ३९५ हायवेने उत्तरेला पाचेक तास. एका हाताला सिएरा नेवाडाचे सुळके, दुसऱ्या हाताला रखरखीत माळ.

कच्चा रस्ता लागला आणि आमच्या भाड्याच्या गाडीने मान टाकली. चाकं वाळूत! तिथे फोर बाय फोरच हवी, हे वाचलं होतं, मनावर घेतलं नव्हतं. अर्धा तास हातांनी वाळू उपसली, गाडी मागे घेऊन कडेला लावली आणि तंगडतोड सुरू. उंची महाबळेश्वरच्या दीडपट, त्यामुळे जरा चढ आला की धाप. पाण्याची बाटली दोघांत एक. शहाणेच आम्ही!

शेवटचा उतार संपला आणि दोघंही गप्प. पडक्या देवळाचा सभामंडप असावा तसे करडे खांब, रांगाच्या रांगा, काही वीस फुटांपर्यंत उंच, वर कमानींनी जोडलेले. अंगावर फूटफूट अंतराने आडव्या रेघा.

अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांब लाव्हा थंड होताना आकसून तडकला, म्हणून झाले. इथली गोष्ट निराळी. सुमारे ७,६०,००० वर्षांपूर्वी लाँग व्हॅलीत ज्वालामुखी फुटला आणि राखेचा जाडजूड थर पसरला. तो तापलेला असतानाच बर्फाचं पाणी आत झिरपलं, उकळलं, वाफ होऊन वर आलं. त्या वाटांवर खनिजं साचली, तेवढीच राख दगडासारखी घट्ट झाली. बर्कलीच्या शास्त्रज्ञांनी हे कोडं सोडवलं. त्यांनी मोजलेले खांब जवळजवळ पाच हजार!

तरीही ते दडलेलेच होते. लॉस एंजेलिसला पाणी हवं म्हणून ओवेन्स नदीवर धरण झालं, ते १९४१ मध्ये पुरं झालं. मग लाटांनी मऊ राख धुऊन नेली आणि खांब उघडे पडले. आता त्याच लाटा खांबही खातायत. काठाशी काही आडवे पडलेले दिसले, बुंध्याशी पोखरलेले. एकाला मी हात लावला, तर तळव्याला भुकटी लागली. मग पुन्हा लावला नाही.

मध्यरात्री घरी. रूममेटने नळाखाली ग्लास धरला.

"यातलं थोडं तिथलंच असणार रे," मी म्हटलं.

त्याने ग्लास ट्यूबलाइटसमोर धरला, नीट पाहिलं आणि गटागटा पिऊन टाकला.