टार्गेट दाबून ठेवणारा सेल्समन आणि गोल्फमधली हँडिकॅपची चोरी

मंडळी, गोल्फ म्हणजे श्रीमंतांचा खेळ, आपल्याला काय त्याचं, असं म्हणून पुढे जाऊ नका. ज्याच्या दुकानात दोन सेल्समन इन्सेंटिव्हवर काम करतात, त्याने ही हँडिकॅपची भानगड समजून घ्यावीच.

गोल्फमध्ये कमी फटक्यांत खेळ संपवणारा जिंकतो. नवखा आणि मुरलेला एकत्र खेळले तर नवखा हरणारच. म्हणून प्रत्येकाला कुवतीप्रमाणे फटक्यांची सूट मिळते, तोच हँडिकॅप. एकाचे ९३ फटके झाले, सूट २०, म्हणजे ७३. दुसऱ्याचे ८०, सूट ६, म्हणजे ७४. पहिला जिंकला. हिशेब ढोबळ आहे, पण तत्त्व हेच.

आता चोरी बघा. खरी कुवत १२ ची, पण गडी १८ चा हँडिकॅप घेऊन फिरतो. रोजच्या खेळात हातभर अंतरावरचा चेंडू मुद्दाम चुकवतो, चांगल्या दिवसाचं स्कोअरकार्ड जमाच करत नाही. स्पर्धेत ८५ खेळतो, वजा १८, झाले ६७. प्रामाणिक १२ वाला तेवढेच ८५ खेळला तरी ७३ वरच. दोघांचा खेळ सारखा, पण कप चोराच्या घरी. अशा माणसाला सँडबॅगर म्हणतात. सेल्समध्येही हाच शब्द चालतो: मार्चमध्ये टार्गेट पूर्ण झालं की हातातली ऑर्डर एप्रिलवर ढकलणारा. आकडा कमी दिसतो, पुढच्या वर्षीचं टार्गेट हलकं मिळतं. आणि सगळी विक्री खरी दाखवणाऱ्या पोराचं टार्गेट मात्र वाढतं! मला राग येतो तो इथे. (उलटेही असतात बरं का, रुबाबासाठी हँडिकॅप कमी दाखवणारे. ते स्वतःच हरतात, सोडून द्या.)

२०२० पासून लागू झालेल्या वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिमने यावर बराच विचार केलाय. शेवटच्या २० खेळांपैकी सर्वांत चांगले ८ धरून सरासरी काढतात. म्हणजे अधूनमधून मुद्दाम वाईट खेळून फारसा फायदा नाही. वर्षभरातल्या सगळ्यात कमी आकड्यापेक्षा हँडिकॅप ३ ने वाढला की पुढची वाढ निम्मीच धरतात, ५ च्या वर तर जातच नाही. एखादा खेळ हँडिकॅपपेक्षा ७ किंवा जास्त फटक्यांनी सरस निघाला, तर हँडिकॅप आपोआप आणखी कापला जातो.

पण जमाच न केलेलं कार्ड कुठलंही सूत्र पकडू शकत नाही. तिथे सोबत खेळणारे आणि क्लबची हँडिकॅप कमिटीच कामाला येते. स्पर्धेत तुमचा स्कोअर दुसरा खेळाडू लिहितो आणि सही करतो.

दुकानात हे असं करा: ऑर्डर आली त्याच दिवशी तारखेसह एकाच रजिस्टरमध्ये चढवायची, दोन्ही सेल्समननी रोज एकमेकांच्या पानावर सही करायची. टार्गेट ठरवताना मागच्या २० आठवड्यांतले उत्तम ८ बघा. मात्र ही झाली कुवत, दर आठवड्याला तेवढं मागू नका. गोल्फरसुद्धा बहुतेक दिवशी स्वतःच्या हँडिकॅपपेक्षा वाईटच खेळतो.