लहान शब्दांची मोठी अडवणूक

कचेरीतील लिपिकास ‘पोस्टपोन’, ‘टॉलरेट’, ‘एक्स्टिंग्विश’ हे भारदस्त शब्द फारसे अडवीत नाहीत. फायलींच्या सहवासाने ते अंगवळणी पडलेले असतात. पण ‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’, ‘पुट आउट’ ही त्यांचीच घरगुती रूपे कानी पडली की तो थबकतो. ‘पुट’ म्हणजे ठेवणे. मग त्यातून पुढे ढकलणे, सोसणे आणि विझविणे हे अर्थ निघाले कोठून?

ही तक्रार जुनीच आहे. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली आपला इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, तेव्हा क्रियापदापुढे लहानसे अव्यय जोडून अर्थ पालटण्याची ही रीत परकीयांना सर्वाधिक अवघड जाते, हे त्याने प्रस्तावनेतच नमूद केले. गजर ‘गोज ऑफ’ म्हणजे वाजतो आणि दिवे ‘गो ऑफ’ म्हणजे मालवतात. परकीयाने यातून काय बोध घ्यावा?

परंतु मराठी माणसाने यात इतके बावरण्याचे कारण नाही. आपण पैसे ‘देऊन टाकतो’, तेव्हा काहीही फेकीत नाही. रागाच्या भरात भलते ‘बोलून बसणारा’ बहुधा उभाच असतो. ‘टाकणे’ येथे क्रियेची पूर्णता दाखविते आणि ‘बसणे’ पश्चात्तापाची छटा. इंग्रजीतील ‘अप’ पुष्कळदा हेच पूर्णतेचे काम करते : ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपव. सारेच अर्थ असे उलगडत नाहीत हे खरे. तथापि आपल्या भाषेतील या सामर्थ्याची जाणीव विद्यार्थ्याला करून दिली, तर त्याची निम्मी भीती ओसरेल.

राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. मात्र वर्षे वाढविल्याने भाषा येत नाही. डावीकडे क्रियापद आणि उजवीकडे अर्थ, अशा याद्या घोकून परीक्षा निभावते. वापर कळत नाही. ‘टर्न डाउन द रेडिओ’ चालते, ‘टर्न द रेडिओ डाउन’ही चालते, पण ‘इट’ हे सर्वनाम आले की ‘टर्न इट डाउन’ असेच म्हणावे लागते. उलट ‘लुक आफ्टर’मध्ये कर्म मध्ये शिरू शकत नाही. यादी हे सांगत नाही, वाक्य सांगते. म्हणून शिक्षकांनी रोज एकच क्रियापद घ्यावे, परंतु ते चार प्रसंगांत बोलून दाखवावे आणि मुलांकडून बोलून घ्यावे. प्रश्नपत्रिकेनेही अर्थ विचारण्याऐवजी प्रसंग द्यावा.

हा केवळ व्याकरणाचा प्रश्न नव्हे. इंग्रजीत उत्तम गुण मिळविलेल्या खेड्यातील मुलाला मुलाखतीत सहकाऱ्यांशी ‘गेट ऑन’ कसे करता, असे विचारले जाते आणि तो गप्प राहतो. उत्तर त्याच्यापाशी असते. प्रश्नच त्याच्यापर्यंत पोहोचलेला नसतो. दोष मात्र त्याच्या बुद्धीच्या माथी मारला जातो. हा अन्याय दूर करण्यासाठी फार खर्च लागत नाही. शिकविण्याची सवय तेवढी बदलावी लागते.