डोक्याला शेक, पण कानाचे काय?



आमच्या घरात जवळजवळ वर्षभर एक गैरसमज नांदत होता. तो मोकळेपणाने सांगते, म्हणजे तुमच्या घरातला टळेल.

माझ्या यजमानांच्या डोक्यात, डाव्या कानाच्या आतल्या बाजूला मेनिंजिओमाची गाठ निघाली. गाठ कॅन्सरची नव्हती, पण जागा नाजूक. ऑपरेशन करून ती पुरी काढता येईना, म्हणून रेडिएशन ठरले. मुंबईत आपण त्याला 'शेक' म्हणायचो. आठवड्याला पाच दिवस, असे ३० शेक झाले. एकूण मात्रा ५४ ग्रे. ग्रे हे किरणांचे माप. गाठीची वाढ थांबली आणि आम्ही देवाचे आभार मानले.

दीड वर्षाने हे चारचौघांत गप्प बसू लागले. फोन उजव्या कानाला लावू लागले. मी 'सात वाजता' म्हटले की यांना 'आठ' ऐकू यायचे. मी चिडायची, "अहो, लक्ष कुठे असते तुमचे?" मला वाटे, आजाराने माणूसच बदलला. शेवटी मुलीने ओळखले, "आई, पप्पांना ऐकूच येत नाही गं!"

कुपत होलीममध्ये बदिकत श्मिया केली. डाव्या कानाला उंच, बारीक आवाज ऐकू येत नव्हते. 'स', 'श', 'त' ही अक्षरे त्यातच मोडतात. म्हणून बोलणे कानावर पडते, पण शब्द कळत नाही.

आतल्या कानात वाटाण्याएवढा, गोगलगायीच्या शंखासारखा वेटोळा अवयव असतो. त्याला कॉक्लिया म्हणतात. त्यात सुमारे १५ हजार नाजूक पेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. किरणांचा परिणाम काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी दिसतो. रोज थोडा थोडा शेक देताना कॉक्लियाची सरासरी मात्रा ४५ ग्रेच्या आत, जमल्यास ३५ च्या आत ठेवायचा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. एकाच बैठकीच्या रेडिओसर्जरीचे आकडे वेगळे असतात. गाठ कानालगत असेल तर एवढे वाचवणे नेहमी जमत नाही. गाठीवर पुरेसा शेक बसणे आधी महत्त्वाचे. आमचेही तसेच होते. म्हणून कानाच्या भीतीने कोणी शेक नाकारू नये.

मात्र पहिल्या शेकाआधी एवढे करा :

१. बदिकत श्मिया करून कागद जपून ठेवा. नंतर दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासा.

२. "कॉक्लियाला किती ग्रे जाणार?" हे डॉक्टरांना विचारा. तो आकडा त्यांच्या संगणकावर असतो.

३. सिस्प्लॅटिन हे औषध देणार असतील तर तेही विचारा. त्याने कानाला जास्त धोका असतो.

शेकानंतर कमी ऐकू आले म्हणजे नस गेलीच असे नाही. कधी मळ असतो, कधी पडद्यामागे पाणी साठते. त्यावर उपाय आहे. एकाएकी ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

आज यजमान श्रवणयंत्र लावतात. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसते, तोंडाकडे बघून सावकाश बोलते. परवा पाहुण्यांत सगळ्यांआधी तेच हसले. आधी विचारले असते तर त्यांचा कान वाचला असता असे नाही, पण वर्षभराची माझी बोलणी तरी वाचली असती.