विजेवर चालणारें छिद्रयंत्र : त्याचा वापर व निगा

लोखंडी अवजारें शेतांत आल्यापासून शेतकऱ्याच्या घरचीं दुरुस्तीचीं कामें पालटलीं आहेत. पूर्वीं सुतार सामता किंवा गिरमिट घेऊन येई व लाकडी नांगर, पाभर, कुळव यांचीं भोंकें पाडून देई. पुढें लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसवून लोखंडी नांगराचा कारखाना चालविला, व लोखंड शेतकऱ्याच्या ओळखीचें झालें. हल्लीं तर ट्रॅक्टर, ट्रॉली, पेरणीयंत्र, पंपाचा पाया, गोठ्याचे पत्रे असें जिकडे तिकडे लोखंडच आहे. एखादी पट्टी जोडावयाची म्हणजे भोंक पाडणें आलें, आणि एका भोंकासाठीं तालुक्यास खेप घालणें कोणास परवडत नाहीं. म्हणून विजेवर चालणारें छिद्रयंत्र, ज्यास सर्व लोक ड्रिल मशीन म्हणतात, तें आतां पुष्कळ वाड्यांवस्त्यांवर दिसूं लागलें आहे. यंत्र उपयुक्त आहे, यांत संशय नाहीं. परंतु तें चालवावें कसें हें शिकण्याचे कष्ट आपण घेत नाहीं, व त्याची किंमत कोणास तरी द्यावी लागते. आमच्या घरीं ती दुसऱ्यानें दिली, म्हणून हा लेख लिहिणें मला भाग वाटतें.

घडलेली हकीकत

सन २०२१ च्या आश्विनांत रब्बीच्या पेरणीची तयारी चालू होती. पाभरीच्या दांड्यास लावावयाच्या आठ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पट्टींत बारा मिलिमीटरचें भोंक पाडावयाचें होतें. यंत्र माझ्या हातीं होतें. आमचा सालगडी पट्टी धरावयास बसला. बसतांना त्यानें विचारलें, "भाऊसाहेब, शिकंजा आणू का घरून?" मीं म्हटलें, "अरे, दोन मिनिटांचं काम. त्याला शिकंजा कशाला? हातानं घट्ट धर म्हणजे झालं."

भोंक जवळजवळ पुरें होत आलें असतां बिट पट्टीच्या पलीकडच्या अंगास अडकलें. बिट थांबलें नाहीं. पट्टीच त्याच्याबरोबर गरकन फिरली. तिच्या कडेनें त्या गड्याच्या उजव्या हाताचीं दोन बोटें आंतल्या बाजूनें कापलीं गेलीं. जखम बरी झाली, परंतु बोटांस वांकविणाऱ्या दोऱ्या तुटल्या होत्या, त्या पूर्ववत् झाल्या नाहींत. त्यास आतां धार काढतां येत नाहीं व पाभरीवर हात स्थिर धरतां येत नाहीं.

मी महसूल खात्यांत कारकून होतों. आयुष्यांत कित्येक पंचनामे माझ्या हातून लिहिले गेले, व 'सदर अपघात अकस्मात घडला' हें वाक्य मीं किती वेळां लिहिलें असेल याची गणती नाहीं. या प्रसंगीं मात्र तो शब्द लिहिण्यास माझा हात धजत नाहीं. शिकंजा घरीं होता, गड्यानें तो मागितला होता, आणि मीं नको म्हटलें होतें. शेतकऱ्याच्या अपघातासाठीं सरकारची जी साह्य योजना आहे, ती वहितीधारक खातेदार व त्याच्या कुटुंबांतील एक माणूस यांच्यापुरतीच आहे, हें मला कामामुळें ठाऊक होतें. ज्याच्या नांवें सातबारा नाहीं अशा सालगड्यास तींत जागा नाहीं. तेव्हां मालकाची सावधगिरी हाच त्याचा विमा होय, हें प्रत्येक जमीनधारकानें ध्यानांत ठेवावें.

यंत्राची ओळख

विजेवर चालणाऱ्या छिद्रयंत्राचें पेटंट १८८९ सालीं ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न येथें आर्थर आर्नॉट व विल्यम ब्रेन यांनीं घेतलें. हातांत धरून चालवितां येईल असें यंत्र १८९५ सालीं जर्मनींत स्टुटगार्ट येथील विल्हेल्म फाइन यांनीं तयार केलें. पुढें अमेरिकेंत ब्लॅक व डेकर यांनीं पिस्तुलासारखी मूठ व बोटानें दाबावयाचा खटका यांची योजना करून १९१७ सालीं तिचें पेटंट मिळविलें. आज आपण वापरतों त्या यंत्राची घडण मुख्यतः तीच आहे.

यंत्राचीं मुख्य अंगें अशीं : विजेवर फिरणारी मोटार, तिचा वेग कमी करून जोर वाढविणारी दांतेरी चाकें, बिट पकडणारा तीन जबड्यांचा चक व तो आवळण्याची चावी, खटका, आणि बाजूस बसविण्याची दुसरी मूठ. ही दुसरी मूठ पुष्कळ लोक खोक्यांतच ठेवून देतात. बिट अडकलें म्हणजे यंत्र स्वतःच उलट फिरूं पाहतें, व एका हातानें धरलेल्या मोठ्या यंत्राच्या झटक्यानें मनगट मोडूं शकतें. दहा मिलिमीटर किंवा त्याहून मोठें भोंक पाडतांना दुसरी मूठ लावल्याखेरीज यंत्र हातीं धरूंच नये.

वीज व तिचा धोका

घरगुती वीज २३० व्होल्ट दाबाची असते. तिचा दहा सहस्रांश अँपिअर इतका अल्प प्रवाह शरीरांतून गेला तरी हाताचे स्नायू आंखडतात व धरलेली वस्तु सोडतां येत नाहीं. तीस सहस्रांशांच्या वर प्रवाह गेल्यास हृदयाचे ठोके बिघडून प्राणावर बेतूं शकतें. याकरितां ज्या फळीवरून यंत्र चालवावयाचें, त्या जोडणीवर तीस मिलिअँपिअरला वीज तोडणारें संरक्षक साधन बसवून घ्यावें, व त्यावरील तपासणीची कळ महिन्यांतून एकदां दाबून तें खरोखर तुटतें कीं नाहीं हें पहावें.

यंत्रें दोन जातींचीं असतात. ज्याचें अंग धातूचें व ज्याच्या वायरींत तीन तारा असतात, त्यास अर्थिंग अवश्य पाहिजे. अशा यंत्राच्या तीन खुंट्यांपैकीं मोठी खुंटी कापून तें दोन भोंकांच्या फळींत खुपसणें, हा प्रकार मीं अनेक ठिकाणीं पाहिला आहे. ती खुंटी कापणें म्हणजे आंत बिघाड होतांच यंत्राच्या अंगावर येणारी वीज जमिनींत न जातां माणसाच्या अंगांतून जावी अशी व्यवस्था करणेंच होय. दुसऱ्या जातीच्या यंत्रास दुहेरी विद्युत्-रोधक आवरण असतें. त्याच्या पाटीवर एका चौकोनांत दुसरा चौकोन अशी खूण काढलेली असते. त्यास दोनच खुंट्या असतात व अर्थिंग लागत नाहीं.

विहिरीवर किंवा गोठ्यांत काम करतांना लांब वायर जोडावी लागते. ती बारीक असूं नये. बारीक तारेंत दाब कमी होतो, यंत्राचा जोर घटतो व तें तापतें. ती गुंडाळीवर असेल तर पूर्ण उलगडून घ्यावी. गुंडाळलेली वायर आंतल्या आंत तापून वितळते. जोडास उघडी चिकटपट्टी लावून तो ओल्या जमिनीवर टाकूं नये. पाटाच्या पाण्यांत उभें राहून अथवा ओल्या हातांनीं यंत्र चालविणें सर्वथैव वर्ज्य करावें.

एखाद्यास विजेचा धक्का बसून तो चिकटला असतां त्यास हात लावूं नये. प्रथम खटका बंद करावा किंवा खुंट्या उपसाव्या. तें जमत नसेल तर कोरड्या लाकडी दांडक्यानें त्यास वेगळें करावें, व १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास बंद पडला असल्यास जाणत्यानें छाती दाबण्याचा उपचार लागलीच सुरू करून मदत येईपर्यंत चालूं ठेवावा.

पोषाख

उपरणें, फेट्याचा सोगा, लुगड्याचा पदर, मोकळ्या बाह्या, गळ्यांतील माळ किंवा ताईत यांपैकीं कांहींही फिरत्या चकांत गुंतूं शकतें. तीं आवरून अथवा काढून ठेवावीं. हातमोजे घालावे असें पुष्कळांस वाटतें. परंतु फिरत्या बिटाजवळ हातमोजा हा रक्षक नसून भक्षक आहे, कारण त्याचा धागा अडकला कीं हात आंत ओढला जातो. डोळ्यांस मात्र चष्मा अवश्य लावावा. लोखंडाचा कीस तापलेला व धारदार असतो. तो हातानें अगर तोंडानें फुंकून काढूं नये, ब्रशानें झाडावा.

काम करण्याची रीत

(१) यंत्र जोडण्यापूर्वीं खटका अडकवून ठेवणारी बारीक कळ मोकळी आहे कीं नाहीं हें पहावें; ती दाबलेली राहिली असेल तर वीज लागतांच यंत्र आपोआप फिरूं लागतें. वीज मध्येंच गेली तरी हीच काळजी घ्यावी.

(२) बिट बदलतांना खुंट्या फळींतून काढून ठेवाव्या. चक तिन्ही भोंकांतून चावीनें आवळावा, व चावी काढून घेतल्याखेरीज यंत्रास हात लावूं नये. विसरलेली चावी गोळीसारखी उडते.

(३) भोंकाच्या जागीं सेंटर पंचानें टिंब उठवावें, म्हणजे बिट घसरत नाहीं.

(४) पट्टी शिकंज्यांत किंवा दोन चिमट्यांनीं बांकास आवळावी. वस्तु लहान असेल तितकी ती आवळण्याची गरज अधिक. हातानें अगर पायानें धरूं नये. माझ्या चुकीचें मूळ येथेंच होतें.

(५) मोठें भोंक एकदम न पाडतां प्रथम पांच-सहा मिलिमीटरचें पाडून मग वाढवावें.

(६) भोंक पलीकडे निघण्याच्या बेतांत आलें कीं हाताचा भार कमी करावा. शेवटल्या पातळ पापुद्र्यांत बिटाची धार रुतते, व सर्वांत अधिक अपघात याच क्षणीं होतात. पट्टीखालीं लाकडाचा ठोकळा ठेवल्यास हा धोका पुष्कळ कमी होतो.

वेगाचा हिशेब

भोंक जितकें मोठें तितका वेग कमी, हा मुख्य नियम. साध्या पोलादासाठीं एक सोपा हिशेब देतों : आठ हजारांस भोंकाच्या मिलिमीटरांनीं भागावें, म्हणजे मिनिटास किती फेरे असावे तें निघतें. सहा मिलिमीटरास सुमारें १३००, दहास ८००, तेरास ६०० याप्रमाणें. यंत्राच्या पाटीवर त्याचे फेरे लिहिलेले असतात, ते पाहून ताळा घ्यावा. वेग फार झाला तर बिटाची धार निळी पडून जळते. पोलादास मधून मधून थेंबभर तेल द्यावें. बिडास तेल देऊं नये, तें कोरडेंच पाडावें. साध्या पोलादासाठीं बिटाचें टोंक ११८ अंशांचें असावें व त्याच्या दोन्ही कडा सारख्या लांबीच्या असाव्या. एक कड मोठी राहिली तर भोंक मापाहून मोठें होतें. बोथट बिटावर जोर करणें म्हणजे अपघातास आमंत्रण देणें होय.

यंत्राची निगा

बैलास जसा काम सुटल्यावर खरारा करतों, तशी यंत्राचीही सेवा करावी. काम संपतांच खुंट्या काढून हवेचीं भोंकें कोरड्या ब्रशानें साफ करावीं. त्यांत भुसा व कीस सांचला कीं मोटार तापते. यंत्र पाण्यानें धुऊं नये. वायर मुठीजवळ फाटते, ती जागा दर खेपेस पहावी, व यंत्र वायरीस धरून उचलूं नये.

मोटारींत कार्बनचे दोन ब्रश असतात. ते झिजून मूळ लांबीच्या तिसऱ्या हिश्शाइतके राहिले म्हणजे दोन्ही एकदम बदलावे. आंत थोड्या निळसर ठिणग्या दिसतात त्या साहजिक आहेत. पण ठिणग्यांचें कडें होऊन जळका वास येऊं लागला तर यंत्र तत्काळ बंद करून जाणत्या कारागिरास दाखवावें. आवाज घरघर बदलला तर दांतेरी चाकांचें ग्रीस संपलें असें समजावें. बिट अडकल्यावर खटका पुनः पुनः दाबून तें सोडवूं पाहणें हा मोटार जाळण्याचा सर्वांत जवळचा मार्ग आहे. खुंट्या काढून चक हातानें उलट फिरवावा. पावसाळ्यांत यंत्र कोरड्या पेटींत ठेवावें व बिटांस तेलाचा हात फिरवावा.

समारोप

पुढील पाडव्यास साल संपलें, तेव्हां तो गडी हिशेब घेऊन जावयास निघाला. "भाऊसाहेब, आता माझा उपयोग काय?" असें तो म्हणाला. त्याच पगारावर त्याचें साल पुनः धरलें, व दरसाल धरीत आहों. हें सांगण्यांत माझी थोरवी नाहीं. त्याचें जें गेलें तें पगारानें भरून येत नाहीं.

आमच्या गांवच्या संस्थेनें नंतर सभासदांस भाड्यानें देण्यासाठीं एक मोठें छिद्रयंत्र घेतलें. तें ठेवण्याचें काम या गड्याकडे सोंपविलें आहे. यंत्र, दुसरी मूठ, चष्मा व शिकंजा हीं चारही एकाच पेटींत असतात, आणि चारही नेल्याखेरीज तो यंत्र देत नाहीं. एकदां घाईंत असलेल्या एका सभासदानें शिकंजा ठेवून देण्यास सांगितलें. गड्यानें आपला उजवा हात पुढें केला व मूठ मिटून दाखविली. दोन बोटें तशींच उभीं राहिलीं. सभासद मुकाट्यानें पेटी घेऊन गेले.

वाचकांनीं आपल्या घरच्या यंत्राजवळ आजच एक शिकंजा नेऊन ठेवावा, व अर्थिंगची खुंटी जागेवर आहे कीं नाहीं तेवढें पहावें, इतकी विनंति करून हा लेख पुरा करतों.